कावळ्यापुढे दिलेली कबुली

हसणार नसाल तर सांगतो. तुम्ही हसणारच म्हणा, पण आधी चहा तरी घ्या. गेल्या वर्षी म्हसवडला नदीकाठी, भर सकाळी, सगळ्या गावासमोर मी जी शोभा करून घेतली, तशी आख्ख्या मास्तरकीत कधी झाली नव्हती!

आबा हवालदार माझे शेजारी. पलटणीतून पेन्शन घेऊन आले ते एक जुना रेडिओ घेऊनच. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर चहा, सरकारी रेडिओच्या बातम्या आणि बातम्या संपल्या की आमचं भांडण. विषय ठरलेला.

"आबा, हा रेडिओ चालतो तुमच्या-माझ्या पैशावर आणि गुण गातो सरकारचे. परवा पाण्यासाठी तहसीलवर एवढा मोर्चा गेला, त्याचा एक शब्द तरी आला का? उद्या सरकार बदललं की हाच नव्या साहेबांचे गुण गाईल. ज्याची सत्ता त्याची बाजू!"

"मास्तर, बर्फात बसलो हुतो तवा ह्योच आवाज ऐकून दिस काढलं आमी. टीव्हीवाल्यांगत वरडतोय का त्यो? जो वरडत न्हाई त्यो खोटं बोलत न्हाई!"

मी काही माघार घेणाऱ्यातला नाही. एके दिवशी जरा जास्तच बोललो. आबांनी मान तिरकी केली, एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं आणि थंड आवाजात म्हणाले, "मी मेलो तरी तुझ्या तोंडनं कबूल करून घीन. ध्येनात ठेव."

आणि त्याच रात्री झोपेत गेले!

आता सांगा, माझं काय झालं असेल?

दहाव्याला आम्ही नदीकाठी जमलो. पात्र कोरडं ठाक. आबांचा मुलगा दत्ता साताऱ्याहून आलेला. पिंडाशेजारी त्याने आबांचा रेडिओ ठेवला, आवडती वस्तू म्हणून. मधेच वाजायला नको, म्हणून मीच त्यातले सेल काढून खिशात टाकले. हे लक्षात असू द्या.

एरवी तिथे कावळ्यांचा नुसता कालवा असतो. त्या दिवशी एक नाही. वारा पडलेला. बाभळीचं पानसुद्धा हलेना. दत्ता हात जोडून म्हणाला, "आबा, आयला मी सांभाळीन." काही नाही. भावकीतल्या एकेकाने काय काय कबूल केलं. तरी काही नाही.

गुरुजी घड्याळ बघत म्हणाले, "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू या का?"

"न्हाई!" काकू, म्हणजे आबांची बायको, एकदम बोलल्या. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता त्यांनी. "त्येंचा जीव कशात तरी गुतलाय. त्यो सुटल्याबिगर मी घरला येत न्हाई." आणि पदर तोंडाला लावला.

तेवढ्यात कुठूनसा एक कावळा बाभळीवर येऊन बसला. पिंडाकडे बघेना. त्याने मान तिरकी केली आणि एका डोळ्याने थेट माझ्याकडे बघितलं.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. जीव कशात गुंतलाय ते मला कळलं होतं!

मी पुढे झालो, हळूच पुटपुटलो, "आबा, तुमचंच खरं."

कावळा ढिम्म.

"आबा, सरकारी रेडिओ निःपक्षपाती आहे!"

त्याने माझ्याकडे पाठ केली. पाठ! म्हटलं, याला ऐकू गेलं नसेल. मग मी ओरडलोच, "रेडिओ कुणाची बाजू घेत नाही! मोर्चाची बातमी तेवढी महत्त्वाची नसेल! मीच खोटा!"

मोर्चाला गेलेली मंडळी उसळली, "आवं मास्तर, आमी काय फिरायला गेलतो व्हय?" सत्तेतल्या पक्षाचा बाळू मोबाईल काढून व्हिडिओच घ्यायला लागला, "मास्तर, परत म्हणा की जरा!" पिंड राहिला बाजूला, तिथेच वाद जुंपला.

आणि त्या गलक्यात पिंडाशेजारून आवाज आला. खर्रर्र... खर्रर्र...

सगळे तिकडे वळले. रेडिओ खरखरत होता. मी खिशात हात घातला. सेल माझ्या मुठीत होते!

मी मटकन खाली बसलो आणि रडकुंडीला येऊन म्हणालो, "काकू, मी सगळं कबूल केलं. आता आणखी काय पाहिजे यांना?"

काकूंनी तोंडावरचा पदर काढला. "आवं मास्तर, त्येंनाच कुटं पटत हुतं त्ये? रोज तुमी गेला की म्हणायचं, मास्तर म्हणतोय त्ये खरं हाय. पर व्हय म्हणलं तर उद्या भांडाय यील कशाला त्यो?"

खरं सांगू, मला राग आला. लय राग आला! ताडकन उठलो आणि त्या कावळ्यावर बोट रोखलं.

"आबा! पटत होतं आणि रोज माझं डोकं खात होतात? ऐका मग! तुमचा रेडिओ पक्षपाती आहे! काल होता, आज आहे, उद्या सरकार बदललं तरी राहणार! मोर्चाची बातमी दाबली म्हणजे दाबलीच! बोला, काय म्हणणं आहे तुमचं?"

कावळा झपकन खाली आला. पिंडाला चोच मारली, मान तिरकी करून माझ्याकडे एकदा बघितलं आणि उडाला. रेडिओची खरखर थांबली. काकू हसत होत्या, रडतही होत्या.

मी अजून रोज सकाळी काकूंच्या ओट्यावर जातो. रेडिओत सेल घालतो, बातम्या ऐकतो आणि एकटाच भांडतो.

पण गावात आता मला कुणी मास्तर म्हणत नाही. 'सरकारी रेडिओ' म्हणतात. चिडून बाळूला विचारलं, तर त्याने मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला. आधी मी निःपक्षपाती म्हणून ओरडतोय, मग पक्षपाती म्हणून.

"तुमीच सांगायचा की, ज्येची सत्ता त्येची बाजू," बाळू म्हणाला. "त्या दिवशी कावळ्याची सत्ता हुती, मास्तर!"