विचारल्याशिवाय सांगायचं नाही

पुलाचा चढ निम्मा झाला आणि वहिनी पुन्हा थांबली. कठड्यावर हात टेकून खालच्या पाण्याकडे बघत राहिली, जणू तिथे काही बघण्यासारखं होतं.

"रिक्षा केली असती तर काय बिघडलं असतं?" नणंद म्हणाली.

"वन्सं, चालून आलेल्या माणसाचं काळीज चांगलं वाजतं. सर खूश होतात."

"सर होतात खूश, आणि इथे माझा जीव टांगणीला."

"तुमचा जीव कायमच टांगणीला असतो. दोरी मजबूत आहे, पडायचा नाही."

नणंदेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, वहिनीच्या हातातली पिशवी ओढून आपल्या खांद्याला अडकवली आणि दोघी चालू लागल्या.

एका घरात दोघी कितीतरी वर्षं राहत होत्या. नवऱ्यामागे नणंद माहेरी आली, पुढे तिचा भाऊही गेला, आणि घरात उरलं वहिनीचं शिवणयंत्र. गावातल्या निम्म्या शाळकरी पोरांचे गणवेश तिच्या हातचे. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता. ताप गेला, पण जाताना काळजातली एक झडप आखडवून गेला. हे तिला कळलं ते पन्नाशीत, खोकला दाखवायला मेडिकल कॉलेजात गेली तेव्हा.

कॉलेज म्हणजे मोठ्या कॉलेजची शाखा. मोठं कॉलेज लांब, राजधानीत. आसपासच्या गावांना डॉक्टर मिळावेत, त्यांनी इथेच शिकावं आणि शिकून इथेच राहावं, म्हणून सरकारी दवाखान्याला लागून असलेल्या जुन्या गोदामात ही शाखा काढलेली. गोदामाला खिडक्या पाडल्या, खडूचे फळे टांगले. पण राजधानीसारखे ढिगाने पेशंट इथे कुठले? तिथे शिकवणाऱ्या डॉक्टर सरांनी वहिनीच्या छातीला नळी लावली आणि लगेच मुलांना हाक मारली. आखडलेल्या झडपेचा एवढा स्वच्छ आवाज त्यांना फार दिवसांनी मिळाला होता. तेव्हापासून प्रत्येक परीक्षेला वहिनीला बोलावणं.

वहिनी त्यात अशी काही रुळली की मुलाने गळ्यातली नळी काढली रे काढली, की ही आपणहून डाव्या कुशीवर वळायची. कारण आवाज तसाच नीट ऐकू येतो. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सर नंतर म्हणाले, "काकू, तुम्ही पेपर फोडताय. मुलगा सांगेल तेव्हाच वळायचं. आणि विचारल्याशिवाय काहीही सांगायचं नाही."

झालं. त्या दिवसापासून वहिनीच्या तोंडाला कुलूप. पोरं जिन्यात गाठून गयावया करायची, "काकू, नुसतं कुठली झडप तेवढं सांगा ना!"

"मी कपडे शिवते, बाबा. झडप काय, मला बटणाचं विचार."

आखडलेली झडप मोकळी करता येते, राजधानीला जाऊन या, असं सर दर भेटीला सांगत. वहिनी दर वेळी म्हणे, ही परीक्षा होऊन जाऊ दे. झडप मोकळी झाली की आवाज जाणार, हे नणंदेला ठाऊक होतं. तिचा भाऊ बायकोचं बोलणं कधी पुरतं ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. आणि इथे खोलीभर माणसं श्वास रोखून वहिनीला ऐकत. नणंद यावर कधी काही बोलली नाही. देव बुद्धी देईल तेव्हा जाईल, एवढंच म्हणायची.

त्या दिवशी सराव परीक्षा होती. सर खिडकीशी उभे राहिले, नणंद दाराजवळच्या बाकावर टेकली. पहिली आली ती केस घट्ट बांधलेली एक मुलगी. नळीचं टोक तळहातावर घासून तिने ऊन केलं, पण ते छातीला लावण्याआधी विचारलं, "काकू, रात्री झोपताना किती उशा लागतात?"

"उशी नाही लागत. बसूनच झोपते. भिंतीला टेकून."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. आडवं झालं की दम कोंडतो."

"घरी सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही," वहिनी म्हणाली. अगदी बरोबर उत्तर दिल्यासारखी.

नणंद ताडकन उठली. "अगं बाई, घरात कसली परीक्षा चालली होती? मी भिंतीपलीकडे घोरतेय आणि तू इकडे बसून रात्र काढतेस?"

मुलीने वहिनीच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला; पायात पाणी साचलं होतं. तिने नळी गळ्यातून काढून ठेवली. "सर, मी यांना आडवं करणार नाही."

"मग आवाज कसा ऐकणार?"

"राहिला तर राहू दे. यांना आजच राजधानीला पाठवायला हवं."

सरांनी स्वतः घोटा दाबून पाहिला. लगेच त्यांनी गाडीसाठी फोन लावला.

"परीक्षा झाल्यावर जाते," वहिनी म्हणाली.

"आत्ता, काकू," सर म्हणाले.

"आणि बाहेर पोरं ताटकळलीत, त्यांनी काय भिंतीला नळी लावायची?"

"वहिनी, पाया पडते तुझ्या, ऊठ," नणंद म्हणाली.

वहिनी खाटेची कड धरून बसून राहिली. गाडी दाराशी लागली तरी हलेना. मग तिने नणंदेला जवळ बोलावलं.

"वन्सं, माझ्या जागी तुम्ही आडव्या व्हा. तुमचं काळीज धडधाकट आहे. सर म्हणतात, काहीच न झालेलं माणूसही पोरांना ओळखता यायला हवं."

"मी? परक्या पोरांपुढे? आणि तुझ्यासोबत कोण?"

"ही मुलगी येईल. तिची परीक्षा झालीच म्हणायची. तुम्ही इथलं आटपून मागून या." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "तेवढं हो म्हणा वन्सं, म्हणजे मी गाडीत बसते."