मुका माज

आमच्या गाईला बोलायची सवय नाही. लोकांच्या गाई माजावर आल्या की अख्खी गल्ली डोक्यावर घेतात. हंबरतात, दावं ओढतात, वैरणीला तोंड लावत नाहीत. आमची बाई मात्र खाली मान घालून कुटार खात उभी. तिचा दिवस येतो आणि निघून जातो, अन् आपल्याला कळतं तोवर वेळ टळलेली असते. तालुक्याहून ढोरांचे डॉक्टर आले, कोपरापर्यंत हातमोजा चढवून त्यांनी तिला आतून तपासलं आणि म्हणाले, "बाई, हिच्यात दोष काही नाही. हिला मुका माज आहे." मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं, म्हणून गावात सगळे मला बाईच म्हणतात. पण हा शब्द मला कुठल्या पुस्तकात भेटला नाही, गोठ्यात शेण काढता काढता भेटला. मी हसले. म्हटलं, "मंग ते माह्यावर गेली." डॉक्टर साताऱ्याकडचे, त्यांना वाटलं मी गंमत केली.

आष्टी तालुक्यात आमचं गाव. दोन खोल्यांचं स्लॅबचं घर, मागे टिनाचा गोठा, गोठ्यात ही एकच गवळाऊ गाय, पांढरीशुभ्र आणि शेपटाचा गोंडा काळा. माझे यजमान गेल्याला चार वर्षं झाली. ते होते तेव्हा घरात भांडणं होती, आणि भांडणं होती म्हणजे आवाज होता. आता मी टीव्ही लावते आणि त्यातल्या बायांवर ओरडते. सकाळी चहा टाकताना अजूनही हाताला दोन कपांचं पाणी येतं. एक मी पिते, दुसरा गार होतो, तोही मीच पिते. फेकायला जीव होत नाही. दुपारी कोणी आलं नाही तर दिवसाचं माझं बोलणं गाईशीच. तिला मी सगळं सांगते, निवडणुकीचं, माझ्या गुडघ्याचं. ती ऐकते की नाही, देव जाणे. तोंड हलवत राहते.

एकच मुलगा, तो पुण्याला. कंपनीत आहे. सून होती, आता नाही. गेल्या वर्षी दोघं वेगळे झाले. त्यावर आमच्या घरात बोलणं होत नाही. त्यानं फोनवर एका वाक्यात सांगितलं, मी "बरं" म्हटलं, आणि झालं. पुण्याला गेल्यापासून तो आपलं "मले-तुले" सोडून "मला-तुला" करतो. मी चिडते. "तू शाळंत शिकवायची ना प्रमाण भाषा?" म्हणतो. अरे, शाळेत! घरी तुझ्याशी मी कधी तसं बोलले का रे? घरी मी आपल्याकडच्या बायांसारखी "येतो-करतो"च म्हणते. दर रविवारी दुपारी त्याचा फोन येतो. शेवटी मी विचारते, जेवला का, तो घाईघाईनं "हो हो, जेवलो" म्हणतो आणि फोन बंद.

गेल्या पावसाळ्यात गाईला एकदा भरवली होती. म्हणजे डॉक्टरांनी कांडी आणून बीज सोडलं होतं. तीन आठवड्यांनी तिच्या शेपटाखाली माजाची काचेसारखी नितळ, चिकट तार दिसली, तीही मी वाकून पाहिलं म्हणून. गाभण राहिली असती तर तार दिसली नसती. माझं मन असं खट्टू झालं की वार कोणता तेही न पाहता मी मुलाला फोन लावला आणि म्हटलं, "उलटली रे!"

तिकडून आवाज आला, "किती वेळा झाली?"

"एकदाच. आताच पाह्यली मी."

"पाणी पी. साखर-मीठ टाकून पी. बाहेरचं काही खाल्लं का? सावंगीला जाशील का दवाखान्यात, मी गाडी सांगू?"

मला कळेचना, गाईला सावंगीला कशाला न्यायचं. ते तर माणसांचं इस्पितळ. मग डोक्यात उजेड पडला. त्याला वाटलं होतं, मला उलटी झाली. मी इतकी हसले, इतकी हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. फोन ठेवल्यावर मात्र तेच पाणी थांबेना. ज्या गोठ्यात हा पोरगा खेळला, जिथं "गाय उलटली" म्हटलं की त्याचे बाबा दोन दिवस तोंड पाडून बसायचे, त्याला हा शब्द आठवू नये? भरवलेली गाय पुन्हा माजावर आली की ती उलटली, एवढं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. रागच आला मला. त्याचा नाही, पुण्याचा.

दिवाळीत तो आला. पुलगावला गाडीतून उतरून दुपारी घरी पोचला. वाळलेला दिसला. जेवताना त्यानं तोच विषय काढला, आई तू तिकडे चल. मी तेच उत्तर दिलं, गाईला कोण पाहील. दोन वर्षांपासून आमचं हे चाललंय.

"ती दूध देत नाही, गाभणही राहत नाही," तो म्हणाला. "तू थांबलीस कोणासाठी?"

ते मला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. मी ताडकन म्हटलं, "ठीक हाय. आता डॉक्टर सुया देणार हाय तिले. या खेपेले उलटली, तर गाय जाऊबाईच्या गोठ्यात बांधतो आन् बिस्तरा घेऊन येतो तुह्याकडं. पण फयली, गाभण राह्यली, तर मी इथंच. मंग पुन्हा हा विषय काढू नोको."

"नक्की?"

"मी काय खोटं बोलतो का?"

तो ताटाकडे पाहून "बरं" म्हणाला. असा आमचा दोघांचा सौदा झाला, मुक्या जनावराच्या पोटावर.

डिसेंबरात डॉक्टरांनी सुया सुरू केल्या. त्यांनी मला नीट समजावलं. आज एक सुई, आठवड्यानं दुसरी, त्यानंतर दोन दिवसांनी तिसरी, आणि तिसरीच्या दुसऱ्या दिवशी, माज दिसो न दिसो, भरवायची. या सुयांमुळे तिच्या अंगातलं घड्याळ आपल्या घड्याळाला लागतं. तिनं सांगायची वाट पाहायची नाही. दुसऱ्या सुईआधी त्यांनी पुन्हा आतून तपासलं, कारण गाय आधीच गाभण असली तर त्या सुईनं गाभ पडतो. ती बाटली त्यांनी मला हातात घेऊ दिली नाही. म्हणाले, बाईमाणसानं या औषधाला हात लावू नये. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या वयाला काय होणार आहे? ते लाजले बिचारे.

शेजारच्या घरातली माझी चुलत जाऊ कुंपणावरून पाहत होती. तिची जीभ माझ्यापेक्षा धारदार. "काऊन वो बाई," ती ओरडली, "गाईले सुया टोचून टोचून बळजबरी माजावर आणून राह्यली का?"

"तुह्या घरचा वळू आला असता तिच्या मनात भरेल असा, तर नसत्या टोचल्या," मी म्हटलं.

ती हसत आत गेली. मी मात्र तिच्या बोलण्यानं जरा खजील झाले. गाईच्या मानेवर हात ठेवून उभी राहिले. म्हटलं, बाई गं, तुला विचारलं कोणी नाही. तिनं माझा पदर चाटला. मीठ लागत असेल.

नाताळाच्या सुमारास तिला भरवली. डॉक्टर म्हणाले, आता तीन आठवड्यांनी लक्ष ठेवा, उलटते का बघा. लक्ष ठेवा म्हणे! मुक्या माजाच्या गाईवर लक्ष ठेवणं काय खायचं काम आहे? ती ओरडणार नाही, दावं ओढणार नाही. शेपटाखाली एक तार दिसली तर दिसली. तिसरा आठवडा लागला तो नेमका संक्रांतीचा. गल्लीत बाया नटून हळदीकुंकवाला निघाल्या. मला कोणी बोलावत नाही. यजमान गेल्यापासून नाहीच. तिळगूळ आणून देतात पोरींच्या हाती, दारातूनच. याच बायांच्या पोरांना मी बाराखडी शिकवली. राग येतो आणि मग रागाचाही कंटाळा येतो.

त्या दिवसांत मी गोठ्यातच खुर्ची टाकून बसायचे. सकाळी, दुपारी, दिवे लागताना, वाकून वाकून पाहायचे. आणि खरं सांगते, एका दुपारी मला माझ्याच मनाचं नवल वाटलं. बाहेर बायांचा हसण्याचा आवाज चालला होता, आणि माझ्या मनात आलं, उलटली तर उलटली बापा. जाऊ पुण्याला. तिथं निदान पोरगा सकाळी दारातून बाहेर पडेल आणि संध्याकाळी दारातून आत येईल. दोन कप चहाला दोन माणसं होतील. लगेच मी स्वतःला झापलं. तिथं चौथ्या मजल्यावर मी करू काय? त्याच्या भिंती पाहत बसू? आणि त्याला तरी मी हवी आहे का? कर्तव्य म्हणून बोलावतो पोरगा. तो एकदाही म्हणाला नाही की आई, मला करमत नाही. "तुझ्या तब्येतीचं", "तुझ्या गुडघ्याचं", "तुला एकटं", सगळं माझंच. म्हणून मी ठरवलं, नाही उलटली पाहिजे. गाईला सांगितलंसुद्धा, नाक राख माझं.

तार दिसली नाही. पण ही बाई लपवते, म्हणून भरवसा नव्हता. रविवारी मुलगा विचारायचा, "काय म्हणते गाय?" मी म्हणायचे, "काहीच म्हणत नाई." पूर्वी तो गाईचं नाव काढत नसे. आता दर रविवारी पहिला प्रश्न तोच. मला वाटायचं, हरून मोकळं व्हायची घाई झाली आहे याला.

होळी झाल्यावर एका रविवारी डॉक्टर याच बाजूला आले होते, ते वाकडी वाट करून आमच्याकडे आले. मी शेपूट धरून उभी. त्यांनी हात घातला, डोळे मिटले, आणि आत चाचपत राहिले. मी शेपटाचा गोंडा मुठीत आवळून धरला. मग ते म्हणाले, "अभिनंदन बाई. गाभण आहे."

अगं माय! मी गाईच्या गळ्यातच पडले. शेणाच्या हातांनी डॉक्टरांना नमस्कार केला. चहा केला, साखर जास्त पडली. कुंपणावरून जावेला ओरडून सांगितलं. ती आली, गाईच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, तिच्या तोंडात गुळाचा खडा दिला. मग मागे वळून तीच बोटं तिनं माझ्या कपाळाशी आणली आणि मधेच थांबली. गुळाचा खडा माझ्या हातात ठेवला आणि गेली.

सगळे गेल्यावर मी मुलाला फोन लावला. त्याच्या फोनची वाट पाहायचा धीर नव्हता.

"जितली मी," मी म्हटलं. "फयली गाय. डॉक्टर आताच सांगून गेले."

मला वाटलं, फोन कटला.

"आयकू येते का रे?"

"हो," तो म्हणाला. "छान झालं."

मग इतक्या हळू आवाजात बोलला की मला फोन कानाशी दाबावा लागला.

"मले वाटलं होतं, उलटन."

किती वर्षांनी त्यानं "मले" म्हटलं. मी विचारलं, "काऊन रे बाबू?"

"काई नाई. खाट आणून ठेवली होती. तुले खाली बसता येत नाई म्हणून उंच पाह्यली. संक्रांतीलेच आणली."

गोठ्यात गाय रवंथ करत बसली होती, पोटाचा भार एका अंगावर टाकून. तिच्याकडे पाहून मला वाटलं, आपण दोघींनी मिळून हे काय केलं? मी म्हणू शकत होते की येते रे, जाऊबाईकडे बांधते हिला, उद्याच येते. शब्द अगदी ओठांवर आला. पण गाभण गाय दुसऱ्याच्या दावणीला कशी बांधू? अट मीच घातली होती, तीही तावातावानं. आणि त्यानं ताटाकडे पाहून "बरं" म्हटलं होतं, मी "बरं" म्हणते तसंच.

"राहू दे ते खाट तिथंच," मी म्हटलं. "मोडू नोको."

"नाई मोडत."

"गाय व्याली का तू ये. खर्वस करतो तुह्यासाठी."

"येतो."

फोन ठेवू का, त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. त्यानं ठेवला नाही, मीही नाही. त्याच्या खोलीतल्या पंख्याची कटकट मला ऐकू येत होती, माझ्याकडची गाईच्या गळ्यातली घंटी त्याला येत असेल. ऊन कलून गोठ्याच्या दाराशी आलं होतं. बऱ्याच वेळानं मी नेहमीचं विचारलं.

"जेवला का?"

"नाई," तो म्हणाला.