मी ठेवलेली पाळत

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. मी हिंगोलीजवळच्या एका सरकारी शाळेत शिक्षिका आहे, आणि दोन वर्षांपूर्वी पाळकसाहेबांनी तरुण संघाचं काम माझ्याकडे दिलं. संघात अकरा मुलंमुली होती. बहुतेक जण वसमत, कुरुंदा, औंढा या बाजूची, शिक्षणासाठी हिंगोली शहरात खोली करून राहणारी. प्रार्थनेला माना खाली असायच्या, पण बोटं मोबाईलवर फिरत असायची. मी जवळ गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. लपवण्यासारखं काही नसेल तर मला पाहून गप्प कशाला होतात, हा विचार मला घरी आल्यावरही सोडायचा नाही.

त्याच सुमारास तरुणांमध्ये सेवा करणाऱ्यांसाठी नांदेडला एक दिवसाचं शिबिर झालं. तिथे सांगितलं गेलं की शहर आता मोबाईलमधून गावात शिरलं आहे. आपली मुलं कुठे वावरतात, काय ऐकतात, कशाला हसतात आणि कशाला भितात हे आधी समजून घ्या, त्यांच्याजवळ बसा. मी घरी येताना यातलं सोयीचं तेवढंच घेऊन आले. जवळ बसण्याऐवजी मी इन्स्टाग्रामवर ‘काव्या’ नावानं खोटं खातं उघडलं, एका फुलाचा फोटो लावला आणि नांदेडच्या कॉलेजात शिकते असं लिहिलं. आठवडाभरात अकरापैकी नऊ जणांनी मला आपल्या यादीत घेतलं.

मग माझा रोजचा नेम सुरू झाला. शाळेची मधली सुट्टी झाली की डबा एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात. प्रशांतनं केस तांबडे केले, दोघी जणी कॅफेत कुणाबरोबर तरी बसल्या होत्या, एकानं शिव्या असलेलं गाणं टाकलं, हे सगळं मी वहीत लिहून ठेवू लागले. रविवारी बायबलमधलं वचन सांगताना नाव न घेता त्यातलं एकेक बाहेर काढायचे. मुलांचे चेहरे उतरलेले दिसायचे आणि मला वाटायचं, वचन लागू पडलं.

हळूहळू संघ बिघडला. मुलं एकमेकांपासून लांब बसू लागली. रूथ नावाची कुरुंद्याची मुलगी इथे नर्सिंग शिकत होती. ती रविवारी लवकर येऊन मला सतरंज्या घालायला मदत करायची. तिच्याशी तर कुणी बोलेनासंच झालं. मी वहीत लिहिलं, ‘मुलींची भांडणं. बहुतेक एखाद्या मुलावरून.’

एका मंगळवारी मधल्या सुट्टीत ‘काव्या’ला रूथचा निरोप आला. ‘तू मला ओळखत न्हाईस म्हणून तुला सांगून राहिले. आमच्या चर्चमधल्या बाईंना कुणीतरी आमचं सगळं सांगून राहिलंय. सगळ्यांना वाटतं ती मीच. खोलीतल्या पोरी माझ्याशी एक महिना झाला बोलल्या न्हाईत. आज सामान घेऊन स्टँडवर आले, गावी चालले. बाबा आता परत पाठवणार न्हाईत. तू प्रार्थना करत असशील तर माझ्यासाठी कर.’

ते वाचून माझ्या मनात आधी दया आली असती तर बरं झालं असतं. आला तो संशयच. यांना माझा पत्ता लागला, हा सापळा आहे, मी स्टँडवर गेले की सगळे मोबाईल रोखून उभे असतील, असं मला वाटलं. मी फोन उलटा ठेवला. तरी शेवटची ओळ डोळ्यांपुढून जाईना. मी डोळे मिटले, पण शब्द सुचेनात, कारण प्रार्थना मागितली होती काव्याकडे, आणि देवापुढे मला काव्या होऊन उभं राहता येत नव्हतं. मुख्याध्यापकांना सांगून मी निघाले.

रिक्षातून उतरले तरी मी आधी चहाच्या टपरीआडूनच पाहिलं. संघातलं दुसरं कुणीही नव्हतं. रूथ एकटी बाकावर बसली होती, पायाशी दोन पिशव्या. शेजारी तांड्यावरची एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. मी जवळ गेले तसं तीच बोलली. “तुमची लेक का, बाई? पाणी आणते म्हणून मी गेले, तवर ही माझं गाठोडं राखत बसली. माझ्यापायी तिची गाडी गेली. लई रडून राहिली.”

ती गाडी गेली नसती तर मी रिकाम्या बाकापाशी पोचले असते. याला कुणी योगायोग म्हणेल. मी त्यावर वाद घालत नाही.

रूथ उठून उभी राहिली. “बाई, तुमी इथं काहून?”

“काव्या मीच आहे,” मी म्हणाले. “तुझा निरोप मलाच आला.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. तिनं फोन पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “मला वाटलं एक तरी मैत्रीण हाय.” एवढंच. तिनं रागानं चार शब्द सुनावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी तिला म्हणाले, “तू जाऊ नकोस असं सांगायचा मला हक्क नाही. पण आज संध्याकाळी सगळ्यांना खरं सांगते. ते ऐकून मग ठरव.” म्हातारीला आमच्यातलं काही कळलं नव्हतं, पण रूथची एक पिशवी तिनं उचलून माझ्या हातात दिली.

मी बोलावलं तसे संध्याकाळी अकराही जण चर्चमध्ये आले, पाळकसाहेबही बसले. मी वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. प्रशांत तेवढा म्हणाला, “बाई, आमी सगळे एकमेकांवर संशय घेऊन राहिलो होतो. तुमच्यावर कुणाचाच गेला न्हाई.” दोघं जण उठून गेले, ते आजतागायत संघात परतलेले नाहीत, आणि त्यांना दोष द्यायला मला जागा नाही. खोलीतल्या मुली रूथच्या गळ्यात पडून रडल्या. त्या तिघी एकाच रिक्षानं खोलीवर गेल्या. तिचं शिक्षण सुटलं नाही.

मी काम सोडायची तयारी दाखवली. पाळकसाहेबांनी मुलांनाच विचारलं. प्रशांत म्हणाला, राहू द्या, पण आता बाईंनी आमच्यासोबत कॅफेत यायचं, खऱ्या नावानं. मी गेले. त्यांनी कोल्ड कॉफी मागवली आणि पेले निम्मे झाल्यावर एकानं सांगितलं, की परीक्षेत दोनदा नापास झाल्याचं त्यानं घरी अजून कळवलेलं नाही. असलं काही माझ्या वहीत एकदाही आलं नव्हतं.

उठण्याआधी रूथ म्हणाली, प्रार्थना करू. तिथेच, खुर्च्यांवर बसून, तिनं हळू आवाजात माझं नाव घेतलं. “प्रभू, बाई आमच्यासाठी लई भ्यालेल्या हायेत. त्यांची भीती तू घे.”

माझ्या संशयाला हे नाव मी स्वतः कधी दिलं नव्हतं. ही मुलं माझ्या नजरेखालून निसटली तर कायमची जातील, या धास्तीनं मी देवाच्या जागी पहारा देत बसले होते. तो पहारा त्या दिवशी मी त्याच्या स्वाधीन केला. कधी कधी परत ओढून घ्यावासा वाटतो, तेव्हा रूथला फोन लावते आणि सरळ विचारते, कशी आहेस. ती सांगते तेवढं ऐकते, आणि उरलेलं ज्याला ठाऊक आहे त्याचे आभार मानते.