सोयलाताईच्या खिडकीचं लाकूड

बेनिग्नो सुताराचे हात जितके सावकाश, तितकी त्याची जीभ चपळ. सान हासिंतोच्या बागेत बदामाच्या झाडाखाली रोज सकाळी बेसबॉलवर भांडणारी मंडळी जमायची आणि त्या गोंगाटातही त्याचा आवाज चौकापलीकडच्या पावाच्या रांगेत ऐकू यायचा. क्युबातल्या इतर गावांसारखाच इथलाही वाद वर्षानुवर्षं तोच होता. सामना जिंकून देतं कोण, चेंडू फेकणारा पिचर की तो टोलवणारा बॅटवाला? बेनिग्नो पिचरच्या बाजूचा. त्याच्या विरुद्ध निवाल्दो न्हावी.

"अरे, तुझा पिचर देवदूत असेल," निवाल्दो म्हणायचा, "पण धावा कोण काढणार? त्याची आजी?"

"आणि तुझे ते फटकेबाज! वाजंत्री जोरात आणि नवरा पळालेला! शेवटच्या डावात कोण उभा राहतो, ते बोल ना, कातरीवाल्या."

त्या हंगामात बेनिग्नोची कॉलर जरा जास्तच ताठ होती. गावच्या संघाचा मुख्य पिचर ओस्मानी त्याच्याच गल्लीतला, सोयलाताईचा मुलगा. बापाविना वाढलेलं हे पोर दगड मारून आंबे पाडायचं, तेव्हा बेनिग्नोनंच त्याला लाकडाचा चेंडू करून दिला होता. ओस्मानी सामन्यामागून सामने जिंकत गेला, आणि बागेत बेनिग्नो असा मिरवायचा की चेंडू जणू तोच टाकत होता.

अंतिम सामन्यात शेवटच्या डावात एका धावेची आघाडी होती. एकच गडी बाद व्हायचा होता. मैदानावर समोरचा एक जण धावेसाठी टपून होता. ओस्मानीचा चेंडू नको तिथं, अगदी मधोमध आला, आणि समोरच्यानं तो कुंपणापलीकडच्या ताडांत भिरकावला. दोन धावा आल्या आणि सामना गेला.

दुसऱ्या दिवशी बेनिग्नो बागेत आला, तर निवाल्दोनं टोपी काढून त्याला कमरेत वाकून मुजरा केला. "काय बेनिग्नो, तुझा देवदूत कुठं उतरला म्हणायचा?"

सगळे खो खो हसले. पोरगं थकलं होतं, अख्खा हंगाम त्यानं एकट्यानं ओढला होता, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खरंही होतं. पण बेनिग्नोला स्वतःचं नाक वाचवायचं होतं.

"भित्रा आहे तो," तो म्हणाला. "ऐन वेळी कच खाल्ली. लहानपणापासून ओळखतो मी त्याला."

हसणं थांबलं. एवढ्या जवळच्या माणसानंच सांगितल्यावर कोण काय बोलणार! लोक ऐकताहेत म्हटल्यावर बेनिग्नोला चेव चढला. "पुरून टाका त्याला! पेटी मी करतो."

हंगाम संपला की हरलेल्या संघाची शवपेटी काढायची, खोटं खोटं रडत गावभर मिरवायची, ही तिथली जुनी गंमत. पण पेटी निघते ती परक्या संघाची. आपल्या माणसाची कधी कोणी काढली नव्हती. निवाल्दो तसं पुटपुटलाही, पण सुताराच्या तोंडापुढे न्हाव्याचं काय चालणार?

आता लाकडाचं सांगायला हवं. वादळात सोयलाताईच्या खिडकीचं दार उडालं होतं. तेव्हापासून तिथं पोतं लटकत होतं. "लाकूड आलं की करतो, ताई," असं बेनिग्नो महिनोन्महिने सांगत आला होता. लाकूड होतं. सुगंधी लाकडाच्या चांगल्या फळ्या त्यानं खाटेमागे दडवून ठेवल्या होत्या, एखादं बरं काम येईल म्हणून. त्याच त्यानं पेटीला काढल्या. वर पटाशीनं नाव कोरलं, ओस्मानी. खोल आणि सुबक, कारण वाईट काम त्याच्या हातून होतच नसे.

पेटी निघणार त्याच्याच गल्लीतून. म्हणून त्यानं बजावलं, "गल्ली संपेपर्यंत ढोल नको. ओरडूही नका. सोयलाताई झोपलेली असते."

म्हणून ते अगदी गप्प, खाली बघत चालले. खऱ्या अंत्ययात्रेत तरी इतकं कोण गप्प असतं?

सोयलाताई दारातच उभी होती. मोतीबिंदूमुळे तिला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसायची. पेटी मात्र कळली. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, कुंपणावरचं जास्वंदीचं फूल तोडलं आणि चाचपडत पुढे आली. सगळे जागीच थांबले.

"कोण गेलं रे, बेनिग्नो?"

तेवढ्यात घरातून ओस्मानी बाहेर आला. त्यानं पेटीवरचं नाव वाचलं. मग प्रत्येकाकडे एकदा पाहिलं आणि आईचा कोपर धरला.

"आपल्या ओळखीचा होता, आई. वाहा फूल."

तिनं फूल वाहिलं. "लाकूड तरी चांगलं मिळालं बिचाऱ्याला," ती वास घेत म्हणाली. बेनिग्नोला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

ढोल वाजलाच नाही. गल्लीच्या टोकाला मंडळी एकेक करून पांगली आणि पेटी बेनिग्नोनं एकट्यानंच ओढत घरी नेली. त्यानंतर तो बागेत गेला नाही. निवाल्दो एकदा बोलवायला आला, तर त्यानं दार उघडलं नाही.

शेवटी त्यानं पेटी मोडली आणि तिच्या फळ्यांचं खिडकीचं दार केलं. पण नाव जाईना. रंधा मारत राहिला असता तर फळीचा कागद झाला असता. मग त्यानं अक्षरांत भुसा आणि सरस भरला, वरून घासलं आणि ती बाजू आत ठेवली. रस्त्यावरून दिसायला नको, आणि आतल्या म्हातारीला दिसतंय कुठं! ओस्मानी सरावाला गेलेला बघून त्यानं दार बसवलं आणि चोरासारखा निघून आला. सरस वाळला की भुसा खचतो, हे शिकाऊ सुतारालाही ठाऊक असतं.

काही आठवड्यांनी ओस्मानी त्याच्या दारात उभा राहिला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"काका, आई बोलावतेय."

बेनिग्नो गेला. सोयलाताईनं त्याचा हात धरून खिडकीच्या दारावर ठेवला. बोटांखाली एकेक अक्षर लागत होतं.

"आणि मला वाटायचं, तू टाळतोयस मला!" ती म्हणाली. "सगळं गाव पोराला नावं ठेवत होतं, आणि तू इथं त्याचं नाव कोरत बसला होतास! अख्ख्या गल्लीला दाखवलं मी. हात फिरवून बघा म्हटलं, असा शेजारी मिळायला भाग्य लागतं."

अख्ख्या गल्लीनं हात फिरवला होता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तिला सांगितलं नव्हतं. खरं सांगावं म्हणून बेनिग्नोनं तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं.

"ओस्मानी, बोल की रे काकांशी काहीतरी."

ओस्मानीनं कॉफीचा कप बेनिग्नोच्या हातात दिला.

"छान कोरलंय, काका," तो म्हणाला.

कॉफीत साखर जास्त होती. बेनिग्नोला गोड आवडते म्हणून सोयलाताईनं रेशनमधली वाचवून घातली होती. ती समोर बसून त्याच्या पिण्याचा आवाज ऐकत होती, म्हणून त्यानं ती सगळी संपवली.