दर रविवारी एकच भाग

चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी एक्स्पोर्टचं काम बघायचो. गिऱ्हाइकं फ्रान्सची, म्हणून खूळ तिनंच काढलं. फ्रेंच शिकू, पुण्याला जाऊन परीक्षा देऊ, पण दोघींनी मिळूनच. मोबाईलवर एक बाई शिकवायच्या. एका तासाला धडा होता, मालिकेतलं पुढचं सांगणाऱ्याला अडवायचं कसं. ‘न म दी पा ला फँ’, म्हणजे मला शेवट सांगू नकोस. ‘ते-त्वा’, म्हणजे गप बस. हे ‘ते-त्वा’ मला लई आवडलं. घरी नवऱ्यावर तर रोज वापरायला लागले.

सरावाला एक फ्रेंच मालिका धरली. दर रविवारी दुपारी माझ्या घरी एकच भाग, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पुढचं एकटीनं बघायचं नाही, अगदी गळ्याशपथ. माझी बहीण एकदा पुढचं सांगायला लागली तर आम्ही दोघी एकदम ओरडलो, "न म दी पा ला फँ!" ती बिचारी घाबरलीच.

शेवटच्या भागाला मी ताट मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावरची बाई दार उघडायला निघाली. तेवढ्यात हिनं माझं ताट उचलून खाली ठेवलं. दार उघडलं, तर मेलेला भाऊ समोर उभा! मी किंचाळत उठले. ही ढिम्म. मग माझं लक्ष त्या ताटाकडं गेलं.

"तू आधीच बघितलंयस की गं!"

"व्हय," ती म्हणाली. "परीक्षेआधी ऐकायचा सराव म्हणून सगळं बघून टाकलं."

"कुठली परीक्षा?"

गेल्या महिन्यात तिनं मामेबहिणीचं लग्न म्हणून रजा टाकली होती, ती ही परीक्षा. पास झाली. पुण्यात नोकरीसुद्धा लागली, एक तारखेपासून. आणि मी खुळी, तिच्या वाटचं काम उपसत होते, वर लग्नाचे लाडू मागत होते. केसानं गळा कापला की माझा! मला रडूच फुटलं.

"एका शब्दानं बोलली नाहीस?"

"सांगणारच होते गं. मालिका संपू दे म्हटलं." तिनं हसायचा प्रयत्न केला. "तुला कुठं शेवट आधी सांगितलेला चालतो?"

"मालिकेचा गं," मी म्हणाले. "आपला नव्हे."