घासलेल्या रुपयावरचा नऊ

"मॅडम, ह्यो रुपया खरा हाय का बनवलेला, तेवढं एका शब्दात सांगा," असं म्हणत मिलिंदने नाणं टेबलावर आपटलं.

"आधी आपटणं बंद करा," मी म्हणाले.

शेजारच्या खुर्चीत त्याची वहिनी, सुजाताताई. कोळवणहून मारुंजीपर्यंत दोघं मिलिंदच्याच प्रवासी जीपमधून आले होते, पण बोलत होते फक्त माझ्याशी.

माझं ऑफिस टाइल्सच्या दुकानावर आहे. मी जुनी नाणी पारखते. त्यातली निवडक नाणी पुण्यात लिलाव करणाऱ्या एका सरांमार्फत ग्रेडिंगला जातात. ग्रेडिंग कंपनीतले तज्ज्ञ नाणं तपासतात, अस्सल असेल तर त्याच्या अवस्थेला सत्तरपैकी नंबर देतात आणि लेबल लावून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करतात. या डबीला स्लॅब म्हणतात. घासलेल्या नाण्याला मात्र नंबर मिळत नाही, लेबलवर 'क्लीन्ड' असा शेरा येतो. म्हणून माझा नियम ठरलेला होता. घासलेलं नाणं पाठवायचं नाही.

हा रुपया स्टीलच्या वाटीसारखा चकाकत होता.

"कशानं घासता?"

"राखेनं. वर लिंबू," सुजाताताई म्हणाल्या. "चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवतो आमी. लग्न झाल्यापास्नं मीच घासते. बावीस वर्सं झाली." कौतुकाची अपेक्षा दिसत होती. मी नाणं उलटवलं.

सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया. साल १९३९.

हे साल फार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच त्याची नक्कलही फार होते. १९३८ चा रुपया त्या मानाने सहज मिळतो. त्यातल्या आठच्या खालच्या गोलाची डावी बाजू कोरून काढली की नऊ तयार.

"पुण्याच्या प्रदर्शनात एक व्यापारी बोलला, ह्यो नऊ बनवलेलाय," मिलिंद म्हणाला. "आमच्या वडलांनी हयातीत एका जाणकाराला दावला व्हता. त्यो म्हणला खरा हाय, जपा. मग खरा गेला कुटं? कपाटाची किल्ली कुणाकडं असती?"

"मी बदलला म्हणतात भाऊजी," सुजाताताई म्हणाल्या. "हितं आडून कशाला बोलताय? गावात तर सरळ बोललात."

मी सरांना फोन लावला.

"घासलेलं आहे?" सरांनी विचारलं.

"भांड्यासारखं."

"विकणार आहेत?"

"नाही."

"मग माझा वेळ का घेताय?" फोन बंद.

नियमाप्रमाणे मीही त्यांना तिथेच परत पाठवायला हवं होतं. पण सुजाताताई पदराच्या टोकाने पुन्हा तोच रुपया पुसायला लागल्या होत्या. तो काढून घेण्यासाठी म्हणून मी हात पुढे केला आणि रुपया मायक्रोस्कोपखाली ठेवला. त्याचं चित्र लॅपटॉपवर दिसतं. लॅपटॉप माझ्याकडे वळवलेला होता.

राखेचे ओरखडे शेतातल्या नांगराच्या तासांसारखे दिसत होते. वरचे उभे, ताजे. त्यांच्याखाली दुसरे, बोथट झालेले, आत काळपट मळ बसलेला. ते गोल होते.

"ताई, तुम्ही घासता कशा?"

त्यांनी हवेत अंगठा वरखाली केला.

"आणि तुमच्या आधी कोण घासायचं?"

"आय," मिलिंदच म्हणाला. "आमची आय."

"कशा घासायच्या?"

"गोल गोल. तवा घासल्यागत. मी बगितलंय की ल्हानपणी."

मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"हे वरचे उभे ओरखडे तुमच्या वहिनींचे. हे खालचे गोल, तुमच्या आईचे. आता नऊकडे बघा. आकडा बनवताना तिथली चांदी कोरावी लागते, मग ती जागा गुळगुळीत करावी लागते. जुने ओरखडे तिथे पुसले जातात. इथे तुमच्या आईचे ओरखडे नऊच्या पोटाखालून सलग पलीकडे गेलेत. त्यांच्या हातातला रुपया हाच आणि तेव्हाही तो नऊच होता."

मिलिंद पडद्याजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "ह्ये आयचं हाय?" आणि पडद्याला बोट लावलं.

"चुकलं माझं, वहिनी."

"चुकलं हितं म्हणताय," सुजाताताई म्हणाल्या. "गावाला काय ह्यो पडदा दावू? कागद पायजे मला."

त्यांना नंबर नकोच होता. हवी होती कुणा तिऱ्हाइताची सही. तेवढ्यासाठी ग्रेडिंग योग्य होतं. मी सरांना पुन्हा फोन केला.

"नंबर येणार नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आणि नक्कल निघाली तर?"

"तर पुढच्या वेळी तुम्ही माझा फोन उचलू नका."

रुपया गेला. दोन महिने मी रोज स्वतःला सांगत होते की मला काळजी नाही. मग सरांचा फोन आला. लेबलवर दोनच गोष्टी होत्या: अस्सल आणि क्लीन्ड. "तुम्ही कशावरून ओळखलंत?" सरांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी सावकाश, एकही पायरी न गाळता सांगितलं.

स्लॅब घ्यायला सुजाताताई एकट्याच आल्या. उलटसुलट करून बघितला. "आता घासायचा कसा?"

"घासायचा नाही. फडक्याने डबी पुसायची."

"मिलिंद भाऊजी जीपमधी बसणाऱ्या परत्येकाला सांगत्यात, वहिनीच्या घासण्यानं रुपया खरा ठरला."

त्याचा परिणाम पुढच्याच आठवड्यात दिसला. कोळवण खोऱ्यातून एकामागून एक माणसं नाणी घेऊन यायला लागली. सगळी राख-लिंबाने लख्ख घासलेली, खास माझ्यासाठी. दोन चांगली नाणी त्यात कायमची बिघडली. मी दारावर पाटी लावली: 'नाणी घासून आणू नयेत.'

सुजाताताई पुढच्या खेपेला आल्या तेव्हा त्यांनी ती मोठ्याने वाचली.

"आमच्या बारीला नव्हती लावली त्ये बरं झालं," त्या म्हणाल्या.