जळती मेढ कोणी उपटली

आमच्या पाचटाच्या झोपड्यांना, कोप्यांना, आग लागली तेव्हा माझ्या मुलीचा पाय मधल्या मेढीला बांधलेला होता. सकाळी मीच बांधला होता.

दुपार होती. आम्ही फडात वाकून ऊस तोडत होतो. उसात उभं राहिलं तरी पलीकडचं काही दिसत नाही, वर आभाळाची एक पट्टी तेवढी दिसते. त्या पट्टीत आधी पांढरा धूर आला. कारखान्याचा असेल, असं वाटलं. मग तो काळा झाला आणि पाचटाची जळालेली पानं अंगावर पडू लागली. अगदी हळूहळू, काळी पिसं पडावीत तशी. कोणीतरी म्हणालं, कोप्या. मी कोयता टाकला आणि उसाच्या सरीतून पळाले. पन्नास वर्षं झाली, अजून झोपेत मी त्या सरीतून पळते. दोन्ही बाजूंनी ऊस हलत असतो, आवाज कसलाच नसतो, आणि सरी संपत नाही.

आता पहिल्यापासून सांगते. हे मी गावाकडे राहिलेल्यांसाठी लिहिते, आमच्यासारखे गाव सोडून गेलेल्यांसाठी लिहिते, आणि माझी मुलगी कमल ज्या मुलामुलींना शिकवते त्यांच्यासाठीही लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चुका असतील तर कमल दुरुस्त करील. पण मजकूर बदलायचा नाही, असं तिला बजावलं आहे.

आमचं गाव वडीगोद्रीच्या जवळचं. तेव्हा जालना जिल्हा नव्हता, आमचा अंबड तालुका औरंगाबादेत होता. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसला. आम्ही शेतीवाले, मजुरीला कधी गेलो नव्हतो. माणसांनी कसंही भागवलं असतं, पण बैलांना चारा नव्हता. नगरकडे ऊस तोडायला गेलं तर बैलांना वाढं मिळतात, उसाचे हिरवे शेंडे, हे कळलं आणि आम्ही गाडी जुंपली. बैलांसाठी गेलो, हे खरं कारण.

निघताना मी दाराला कुलूप लावत होते, तर सासऱ्यांनी किल्ली काढून घेतली. म्हणाले, "कुलूप लावू नको. लोक म्हणतील कायमचे गेले. कडीला दोरी बांध." मी दोरी बांधली. सासू-सासरे शेजारी दिराकडे राहिले.

गाड्यांची रांग सात दिवस चालली. शहागडला गोदावरी ओलांडली, पाणी बैलांच्या गुडघ्याला लागलं नाही. मी कमलला मांडीवर घेऊन गाडीत बसलेली. घुंगरं वाजत होती, उन्हात रस्ता पाण्यासारखा चमकत होता, आणि मला वाटत होतं की आपण कुठं जातच नाही, शेतंच मागं सरकून राह्यली. त्या सात दिवसांइतकी झोप मला पुन्हा कधी लागली नाही.

आमच्या टोळीत गावातलीच माणसं होती. त्यात बौद्धवाड्यातलं एक जोडपं होतं, सुभद्रा आणि तिचा नवरा. कारखान्याजवळ पाटाच्या काठी आम्ही कोप्या घातल्या. मध्ये लाकडाची मेढ, चारी बाजूंनी बांबूचे तट्टे, वर पाचट. गावात त्यांची घरं एका टोकाला होती, इथंही त्यांची कोपी एका टोकाला. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप तशी झाली. सुभद्रा माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. मी तिला नावानं हाक मारायची आणि ती मला बाई म्हणायची. तिच्या घागरीतलं पाणी मी प्यायले नाही. एकाच फडात, एकाच उन्हात, तहान लागली तरी मी माझी घागर येईपर्यंत थांबायची. हे लिहायला बरं वाटत नाही, पण असंच होतं.

लहान लेकरं पाटाकडं जाऊ नयेत म्हणून त्यांचा पाय जुन्या लुगड्याच्या पट्टीनं मेढीला बांधत. सगळेच बांधत. सुभद्राचं हे तिसरं साल, तिला सगळं माहीत होतं. मी कमलला बांधताना तिनं दारातून पाहिलं आणि म्हणाली, "निरगाठ हाय ती. वासराला मारतेत तशी. लेकराला सुरगाठ मारावी बाई, हिसका दिला की सुटती."

मी म्हटलं, "सुटली आन् पाटात गेली मंग?"

"वर बांधायची, तिचा हात पोचत न्हाई तिथं. मोठ्या माणसाला सुटली म्हंजी झालं."

बरोबर बोलली होती. पण ती शिकवणार आणि मी शिकणार, हे मला जमलं नाही. मी निरगाठच मारली, आणि तिच्यासमोर आणखी आवळली.

त्या दुपारी सुभद्रा तिच्या वर्षाच्या पोराला, प्रल्हादला, पाजायला फडातून आली होती. बाकीची लेकरं त्या दिवशी आयांबरोबर फडात होती. ठिणगी कोणाच्या चुलीतली, हे कोणी सांगू शकलं नाही. आग आमच्या कोपीपासून सुरू झाली, एवढं मी सांगते. वारा तिच्या कोपीकडं होता. तिनं प्रल्हादला सोडवलं, बांधावर नेऊन ठेवलं आणि परत आमच्या कोपीत शिरली. गाठ सुटेना. कोयता फडातच राहिलेला. वरचं पाचट पेटून खाली पडत होतं. तेव्हा तिनं मेढच धरली, जळत होती ती, आणि जमिनीतून उपटली. मेढीसकट पोरीला ओढत बाहेर आणलं. हे तिच्या नवऱ्यानं नंतर मला एकटीला सांगितलं.

मी पोचले तेव्हा कमल पाटाच्या काठावर रडत होती. पायाला मेढ तशीच. सुभद्रा पाटात गुडघाभर पाण्यात उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. मी कमलला उचललं. तेवढ्यात माझा नवरा, टोळीचा मुकादम, बाकीचे आले. त्यांनी पाहिलं, पोरगी आईच्या कडेवर. मुकादमानं पट्टी कापली आणि म्हणाला, "आईनं काढली बघा." मी काही बोलले नाही. सुभद्रानं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं हात आणखी खोल पाण्यात नेले.

एक शब्द पुरला असता. तो मी का बोलले नाही, याचा पन्नास वर्षं विचार केला. भीती होती, घमेंड होती. गावात कळलं असतं की आमची पोरगी त्यांनी काढली, आमच्या कोपीत शिरून. सासू काय म्हणेल, हे त्या क्षणी डोक्यात आलं. लेकरू जिवंत हातात असताना.

सुभद्राचे तळहात भाजून आखडले. प्रल्हादला काढताना भाजले, असंच सगळ्यांनी धरलं. कोयता धरता येईना. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असं धरतात, एकट्या माणसाला कोणी ठेवत नाही. चौथ्या दिवशी दोघांना गावाकडं जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. मी निरोप द्यायला गेले. तिचे हात चिंध्यांत बांधलेले. ती कमलकडं पाहून हसली आणि म्हणाली, "आता तरी गाठ बदल, बाई."

आम्ही हंगाम पुरा केला. बैल सुधारले. पुढच्या सालीही गेलो, मग नवऱ्याला कारखान्यात काम लागलं आणि आम्ही तिथंच राहिलो. आधी पत्र्याची खोली, मग विटांची. कमल शाळेत गेली, कॉलेजात गेली, आता पुण्यात इतिहास शिकवते. राजा-राण्यांचा नाही. मजुरांचा, गाव सोडून कामाला गेलेल्यांचा. गावोगाव फिरून म्हाताऱ्यांना विचारते, टेप करते, लिहिते. पहिली म्हातारी मीच. मीच तिला आगीतून काढलं, ही गोष्ट तिनं माझ्याकडून इतक्यांदा ऐकली, आणि मी इतक्यांदा सांगितली, की मला ते खरंच दिसायला लागलं. मी आत शिरते, धूर, पाचट पडतंय, मी मेढ धरते. हाताला चटका बसल्याचंसुद्धा आठवायला लागलं. खोटं आठवणीत असं विरघळतं की पुन्हा वेगळं काढता येत नाही.

गावाकडं मी जात नव्हते. रस्ता वाईट, गुडघे दुखतात, काय काय सांगायची. खरं असं की तिथं एक बाई होती जिला खरं काय ते माहीत होतं.

यंदा कमलनं मला तिच्या वर्गात नेलं. पंखा फिरत होता, पोरं शांत बसली होती, मी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर एक मुलगी उठली. घनसावंगीकडची, तिचे आईवडीलही ऊस तोडतात म्हणाली. तिनं विचारलं, "आजी, जळती मेढ हातानं उपटली म्हणता, तर हात दाखवता का?"

तिला संशय नव्हता. तिला पाहायचंच होतं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. माझ्या हातांवर विळ्याचे, कोयत्याचे व्रण आहेत. भाजल्याचा एकही नाही. कमल फळ्याजवळ उभी होती. ती पदराकडं पाहत राहिली. पन्नास वर्षं हे हात तिच्या डोळ्यांसमोर होते. पण आईच्या हातांची तपासणी कोण करतं?

घरी येऊन मी तिला सांगितलं. ती चिडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "आई, मी हे छापलंय."

मी म्हटलं, मग आता दुसरं छाप.

तिनं गावात फोन लावले. सुभद्रा आहे. जालन्यात मस्तगडला प्रल्हादकडं राहते. ऐकू कमी येतं, बाकी बरी आहे. कमल म्हणाली, उद्याच जाऊ. मी म्हटलं, जाऊ, पण आधी लिहिते. तिच्यासमोर माझं तोंड उघडेल की नाही, याचा मला भरवसा नाही. हा कागद तू तिला मोठ्यानं वाचून दाखव, मी बाजूला बसते.

गावातलं आमचं घर पडलं, जागा दिराच्या मुलांकडं आहे. घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर मी अजून गावाचंच नाव सांगते. आता इतकंच समजतं की जिथं आपल्याबद्दलचं खरं कोणाला तरी माहीत आहे, तिथलेच आपण.

तर वर्गातल्या पोरांनो, वहीत असं लिहा. त्या आगीतून तीन माणसं वाचली. कमल, अडीच वर्षांची. प्रल्हाद, एक वर्षाचा. आणि त्या दोघांना बाहेर काढणारी सुभद्रा. तिघंही अजून जिवंत आहेत.